वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे विमानमार्ग

वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे विमानमार्ग : स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या ऑर्कनी द्वीपसमूहातील दोन बेटांमधला, जगातील सर्वांत कमी अंतराचा नियमित प्रवासी विमानमार्ग. दोन्ही विमानतळांमधील अंतर सुमारे २.७ किमी. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टीच याहून लांब, म्हणजे सुमारे ३.४ किमी. आहे. लोगनएअर ही स्कॉटिश कंपनी १९६७ पासून येथे सेवा देत आहे.

वेळापत्रकात या प्रवासाला दोन मिनिटे दिलेली असतात. प्रत्यक्ष उड्डाण साधारण दीड मिनिटात आटोपते. सर्वांत जलद उड्डाण ५३ सेकंदांचे असून ते वैमानिक स्टुअर्ट लिंकलेटर यांच्या नावावर आहे. त्यांनी हा मार्ग बारा हजारांहून अधिक वेळा पार केला. दीड मिनिटाच्या उड्डाणात सरासरी वेग ताशी १०८ किमी. पडतो, ५३ सेकंदांच्या उड्डाणात तो १८० च्या पुढे जातो. एवढा फरक पडण्याचे मुख्य कारण वारा. तो अनुकूल असला तर विमान सरळ समोरच्या बेटाकडे झेपावून थेट उतरू शकते. नसला तर उतरण्याची दिशा साधण्यासाठी वळसा घ्यावा लागतो आणि इतक्या छोट्या अंतरात तो वळसाच वेळ खातो. विमानप्रवासाला लागणारा वेळ काढण्यासाठी अंतराला विमानाच्या नेहमीच्या वेगाने भागून त्यात चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवण्याचा ढोबळ हिशेब इथे हास्यास्पद ठरतो.

मार्गावर ब्रिटन-नॉर्मन आयलँडर हे दोन इंजिनांचे, जेमतेम आठ प्रवाशांचे विमान चालते. त्याला आखूड धावपट्टी पुरते, पक्की असण्याचाही आग्रह नाही. सहवैमानिक नसल्याने एखाद्या प्रवाशाला वैमानिकाशेजारची जागा मिळते.

एवढ्याशा अंतरासाठी विमान कशाला, हा प्रश्न कुणालाही पडेल. बेटांदरम्यान बोटही आहेच. पण विमान मुळात या टप्प्यासाठी उडत नाही. ते ऑर्कनीचे मुख्य शहर कर्कवॉल येथून निघते, एका फेरीत दोन्ही बेटांवर थांबते आणि परत जाते. विक्रमी टप्पा हा त्या फेरीचा मधला तुकडा आहे. शंभराहूनही कमी वस्तीच्या पापा वेस्ट्रेला शिक्षक, डॉक्टर आणि रुग्ण यांच्यासाठी ही फेरी आवश्यक आहे. केवळ विक्रमाचे प्रमाणपत्र मिळवायला येणारे हौशी प्रवासीही कमी नाहीत. त्यांनी लगेच परत न फिरता नॅप ऑफ हावर पाहावे. इ.स.पू. ३७०० च्या सुमाराचे हे दगडी शेतघर पापा वेस्ट्रेवरच असून, वायव्य युरोपात आजही उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या घरांत त्याची गणना होते.