मोटारीच्या दिव्याची बखर

कल्याणहून मुरबाडवरून घाटमाथ्याकडे जाणारी वाट फार जुनी आहे. सातवाहनांच्या काळी कल्याण बंदरात उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला जाई. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण घाटाच्या माथ्यावर आजही पाहावयास मिळतो. आता ओतूर-जुन्नरकडची भाजी शेजारचा माळशेज उतरून कल्याणच्या बाजारात येते. दोन हजार वर्षांत वाट थोडी बाजूला सरकली, एवढेच. पण एक फरक मात्र मोठा पडला. त्या काळचा तांडा रात्री मुक्काम करी, आणि चालणे भागच पडले तर चांदणे पाहून चाले. आजचा भाजीबाजार अमावास्या-पौर्णिमा पाहत नाही. हा फरक ज्या वस्तूमुळे पडला तिचा इतिहास लिहावा असे कोणाला वाटत नाही, कारण ती गाडीच्या तोंडाशी दोन बाजूंना बसवलेली असते आणि पेटत असेपर्यंत तिच्याकडे कोणी पाहत नाही. मी मोटारीच्या दिव्याविषयी बोलतो आहे.

बैलगाडीलाही दिवा असे. आसाखाली टांगलेला कंदील ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की, त्या कंदिलाने गाडीवानाला रस्ता दिसत नसे. रस्ता बैलांना माहीत होता. गाडीवान पुष्कळदा झोपलेला असे. तो कंदील इतरांनी आपल्याला पाहावे म्हणून होता. मोटार आली आणि दिव्याचे काम पालटले. वेग वाढला, जनावराची वाटेची आठवण उपयोगी पडेना, आणि माणसाला आपल्या पुढची जमीन स्वतःच उजळणे भाग पडले. पहिली काही वर्षे हे काम कार्बाइडने केले. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकले की ॲसिटिलीन वायू सुटतो, तो पांढऱ्या स्वच्छ ज्योतीने जळतो आणि वाऱ्याला सहसा दाद देत नाही. मात्र दर प्रवासापूर्वी डब्यातली राख खरवडणे आणि पाणी भरणे हा एक उद्योगच होता. 1912 साली अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीने विजेचे स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले, आणि कार्बाइडचे दिवस सरले. आपल्या बाजूला विजेची पहिली आगगाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली. पुढे ठाकुर्लीजवळ चोळ्याचे वीजघर उभे राहिले, तेही रेल्वेसाठी. डोंबिवली-कल्याणच्या माणसाने वीज ही बहुधा आधी रुळांवरून धावताना पाहिली आणि मग घरात.

विजेचा दिवा आला आणि भांडण सुरू झाले. मला दिसावे म्हणून मी प्रकाश टाकतो, तोच समोरच्याला आंधळा करतो. त्यानंतरच्या शंभर वर्षांत मोटारीच्या दिव्यात जे जे शोध लागले, त्यांतले निम्मे उजेड वाढविण्याचे आहेत आणि निम्मे तो उजेड आवरण्याचे. 1920 नंतरच्या दशकात एका बल्बमध्ये दोन तारा बसवण्यात आल्या, एक दूरची आणि एक खाली वाकलेली. आपल्या ड्रायव्हरांनी त्याला ‘अप्पर’ आणि ‘डिपर’ अशी नावे देऊन भाषेचा प्रश्न मिटवून टाकला. पुष्कळ वर्षे डिपरचे बटण क्लचच्या शेजारी पायाखाली असे. समोरून गाडी आली की डाव्या पायाने नमस्कार करावयाचा.

1957 पासून युरोपात डिपरचा झोत मुद्दाम वाकडा करण्यात आला. समोरच्या वाहनाच्या बाजूला तो खाली कापलेला आणि रस्त्याच्या कडेच्या बाजूला थोडा वर चढलेला असतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपला झोत डावीकडे चढावयास हवा. उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी घडवलेली देखणी काच कोणी हौसेने आणून इथे बसवली, तर तिचा चढलेला भाग नेमका समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो.

अमेरिकेने निराळा मार्ग धरला. 1940 पासून तिथे काच, आरसा आणि तार एकाच हवाबंद भांड्यात बसवू लागले. त्याला सील्ड बीम म्हणतात. सात इंची गोल, सर्व कंपन्यांच्या गाड्यांना एकच. तार तुटली की सगळे भांडेच फेकावयाचे; पण आत धूळ-पाणी शिरत नाही आणि पारा उडत नाही. महायुद्धात जीप आली ती हाच दिवा घेऊन. त्या लष्करी जीपचे दिवे बिजागरीवर बसवलेले होते. उलटे फिरवले की त्यांच्या उजेडात रात्री इंजिन दुरुस्त करता येई. ही युक्ती नंतरच्या मोटारवाल्यांनी का टाकून दिली हे मला न उलगडलेले कोडे आहे.

महिंद्रांनी 1947 मध्ये मुंबईत जीप जोडावयास सुरुवात केली. पुढे ॲम्बॅसडर, कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आणि जीप या तिघींचे डोळे सारखेच, सात इंची गोल राहिले. त्यामुळे एकीची काच दुसरीला बसे आणि खेड्यातल्या दुकानदाराला एकच जिन्नस ठेवून भागे. 1965 आणि 1971 च्या युद्धकाळात या डोळ्यांवर काळा रंग चढला. दिव्याचा वरचा अर्धा भाग रंगवून गाड्या अंधारातून चाचपडत जात. युद्धे संपली तरी दिव्याच्या मध्यावरचा काळा टिळा बरीच वर्षे दिसत असे. हेतू तोच, समोरच्याचे डोळे वाचवणे. 1990 नंतर कल्याणच्या कारखान्यातून प्यूजो 309 बाहेर पडू लागली, तिचे दिवे चौकोनी होते. हळूहळू प्रत्येक गाडीचा डोळा निराळा झाला आणि एकाची काच दुसऱ्याला बसण्याचे दिवस गेले.

दरम्यान बल्बही पालटत होता. साध्या बल्बमध्ये तारेतले टंगस्टन उडून काचेला काळे फासते. काचेऐवजी क्वार्ट्झ वापरून आत आयोडीन किंवा ब्रोमीनसारखा वायू भरला, तर ते उडालेले टंगस्टन परत तारेवर येऊन बसते. म्हणून तार अधिक तापवता येते आणि उजेड वाढतो. हा हॅलोजन बल्ब 1962 मध्ये मोटारीत आला, आणि 1971 मध्ये त्याचा दोन तारांचा, एच-फोर नावाचा अवतार आला. 60 आणि 55 वॅटचा हा बल्ब आजही आपल्या जुन्या पिकअपांमध्ये पेटतो आहे. 1991 मध्ये झेनॉन आणि 2007 मध्ये एलईडीचा मुख्य दिवा महागड्या परदेशी गाड्यांतून अवतरला.

आता या इतिहासाचा आमच्या घराशी आलेला संबंध सांगतो. माझा मेहुणा मुरबाडकडे असतो. त्याच्याजवळ जीपच्या तोंडाची, गोल दिव्यांची जुनी पिकअप आहे. ओतूरहून भाजी आणणे हा त्याचा धंदा. “भाऊजी, दिसतच नाही हो काही, मेणबत्त्या लावल्यासारखे वाटते,” असे तो वर्षभर म्हणत होता. शेवटी त्याने कल्याणच्या एका दुकानातून निळसर पांढऱ्या एलईडी बल्बांची जोडी आणली. बल्ब एच-फोरच्या जागी बिनतक्रार बसले आणि रस्ता लख्ख उजळला. दोन रात्रींतच समोरून येणारा प्रत्येक ट्रक त्याला अप्पर मारून शिव्या घालू लागला. घाटातल्या एका वळणावर तर समोरची दुचाकी थेट कठड्याला घासत गेली. त्या रात्री मेहुणा घरी आला तो गप्प बसला.

मी शाळामास्तर, मला मोटारीतले कळत नाही. पण माझा एक जुना विद्यार्थी डोंबिवलीत गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. त्याच्याकडे आम्ही गाडी नेली. त्याने निळे बल्ब काढून आमच्या हातात दिले आणि म्हणाला, “मास्तर, या काचेचा आरसा एका विशिष्ट जागच्या तारेसाठी घडवलेला आहे. एच-फोरच्या डिपरच्या तारेखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते, तीच झोत कापते. एलईडीचा ठिपका त्या जागेपासून थोडा जरी हलला तरी उजेड वाटेल तिकडे फाकतो. तुम्हांला वाटते जास्त दिसते. पण ते जवळचे दिसते, आणि समोरच्याला काहीच दिसत नाही.”

नंतर त्याने मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट होते. दिव्याच्या होल्डरवर फक्त अकरा. अडीच व्होल्ट वाटेतच नाहीसे झाले होते. जुन्या गाडीत दिव्याची सगळी वीज बॅटरीपासून निघून डॅशबोर्डवरच्या बटणातून, डिपरच्या बटणातून, बारीक आणि गंजलेल्या वायरीतून लांबचा फेरा घेत दिव्यापर्यंत येते, आणि तशाच गंजलेल्या अर्थमधून परत जाते. यात मौज अशी की, व्होल्ट थोडा उतरला तरी उजेड फार उतरतो. व्होल्ट दहा टक्क्यांनी कमी झाले, तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. आमच्या गाडीत जवळजवळ निम्मा उजेड वायरींनीच खाल्ला होता. शंभर वॅटचा बल्ब घालणे हा लोकांचा दुसरा आवडता उपाय. त्याने याच वायरींवर जवळजवळ दुप्पट भार पडतो, बटण वितळते आणि क्वचित गाडीही पेटते.

त्याने दोन रिले बसवले. बॅटरीपासून जाड वायर फ्यूजमधून थेट दिव्याकडे नेली, अर्थ घासून नवा केला, पारा उडालेली दोन्ही भांडी बदलली आणि साधे 60/55 वॅटचेच बल्ब घातले. जुन्या बटणाला आता फक्त रिलेला खूण करण्याचे काम उरले. होल्डरवर तेरा व्होल्ट आले.

मग आम्ही गाडी एका गोदामाच्या भिंतीसमोर उभी केली. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 106 वा नियम सांगतो की, दिव्यापासून 8 मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, त्याला डिपरने दिपता कामा नये. सरकारी नियमात इतके नेमके वाक्य मी क्वचित वाचले आहे. त्यात एक माणूस रस्त्याच्या कडेला उभा असलेला दिसतो. मागे भाजीच्या पाट्यांचे ओझे ठेवून, कारण भरलेल्या गाडीचे तोंड वर उचलते, स्क्रू फिरवीत फिरवीत झोताची कड त्या उंचीच्या बरीच खाली आणली. भिंतीवर डावीकडे झोत थोडा वर चढला होता, जिथे कडेने चालणारी माणसे असतात.

निळे बल्ब मेहुण्याने दुकानात परत नेले. दुकानदाराने पैसे काही दिले नाहीत; फार घासाघीस झाल्यावर बदल्यात पिवळ्या फॉग लॅम्पची एक जोडी दिली. माळशेजच्या धुक्यात अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून ते दिवे बंपरच्या खाली, जमिनीच्या जितके जवळ बसतील तितके जवळ बसवले आहेत.