काळी पडणारी बाटली

ढाणकीत गढूळ पाणी ओळखायला कुणाला शिकवावे लागत नाही. फसवते ते नितळ पाणी. कॉखने 1884 साली कोलकात्याच्या तलावात पटकीचा जंतू शोधला. पण विहिरीगणिक एकेक रोगजंतू शोधणे अशक्यच. एशेरिखने 1885 साली आतड्यातला जीवाणू वर्णिला आणि पुढे विचार उलटला: रोग नव्हे, विष्ठेची खूण शोधा. त्यासाठी मात्र प्रयोगशाळा हवी.

ही अट ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य आणि राव यांनी 1982 मध्ये सैल केली, हे मला फार मोलाचे वाटते. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी, त्यावर पाणी. विष्ठेसोबत येणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, पट्टीतल्या लोहक्षाराशी मिळून तो काळा पडतो. 30 ते 37 अंशांत 12 ते 18 तास पुरतात. (आमच्या मे महिन्यात बाटली सावलीतच ठेवावी!)

ओटी चाचणीत पिवळे झालेले पाणी 'शुद्ध' मानतात. ती फक्त क्लोरीन दाखवते. काळी न पडलेली बाटलीही विषाणूंबाबत मुकीच. दिल्लीत 1955-56 साली क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातूनच कावीळ पसरली होती.