बारीपाडा येथील लोकवनसंवर्धन

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी वस्तीने विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आपल्या शिवारालगतचे उजाड वन राखून पुन्हा वाढविले. बारीपाडा हे पिंपळनेर परिसरातील, गुजरातच्या सीमेलगत सह्याद्रीच्या डोंगरफाट्यांत वसलेले छोटे गाव असून तेथील रहिवासी मुख्यत्वे कोकणा जमातीचे आहेत. महाराष्ट्रातील लोकसहभागातून झालेल्या वनसंरक्षणाचे हे एक महत्त्वाचे उदाहरण मानले जाते.

वनश्री व लोकजीवन : धुळे जिल्ह्याचा पूर्वभाग अवर्षणप्रवण आहे. पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात मात्र पाऊस तुलनेने अधिक पडत असल्याने तेथे पानझडी वने आढळतात. साग, ऐन, धावडा, खैर, मोह, तेंदू, हिरडा व बेहडा हे त्यांतील प्रमुख वृक्ष होत. आदिवासींच्या जीवनात मोहाचे स्थान विशेष आहे. त्याची फुले उन्हाळ्याच्या प्रारंभी वेचून वाळवतात, तर बियांपासून खाद्यतेल काढतात. घरातील धान्य संपत आलेले असते त्या पावसाळी दिवसांत टाकळा, कुर्डू, करटोली, चाई यांसारख्या रानभाज्या व कंद यांवर अनेक कुटुंबांचा निर्वाह होत असे.

या उपयोगाला रूढींची मर्यादा होती. डांग व लगतच्या कोकणा वस्त्यांत तेरा या रानटी अळूची पाने देवाला अर्पण करून सण साजरा झाल्याशिवाय खात नाहीत. त्यामुळे पहिल्या पावसात उगवलेल्या रोपांना वाढीस अवधी मिळतो. मार्गशीर्षातील डोंगऱ्यादेवाचा उत्सवही डोंगर व वन यांविषयीचा आदरभाव जोपासणारा आहे. मात्र रूढींचे हे बंधन गावातल्या माणसांपुरतेच होते; बाहेरून येणाऱ्या मागणीला आवर घालण्याचे सामर्थ्य त्यात नव्हते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पेशवाईच्या अस्तानंतर १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या अंमलाखाली आला. १८६० नंतर या प्रदेशातून लोहमार्ग गेला आणि इमारती लाकूड, रूळांखालील लाकडी ओंडके व जळण यांची मागणी वाढली. १८७८ च्या वनकायद्याने राखीव व संरक्षित अशी वर्गवारी करून वनांवरील शासकीय ताबा दृढ केला. गुरे चारणे, लाकूड आणणे, फुले-फळे वेचणे या पिढीजात गोष्टी परवानगीच्या किंवा अपराधाच्या कक्षेत आल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात बिळाशी, चिरनेर इ. ठिकाणी झालेल्या जंगल सत्याग्रहांतून या असंतोषाला वाचा फुटली. स्वातंत्र्योत्तर काळात १९२७ चा वनकायदाच चालू राहिला. वन सरकारचे, ही भावना रुजल्यामुळे ते राखण्याची जबाबदारीही लोकांना आपली वाटेनाशी झाली. दारिद्र्यामुळे जळण विकणे हा उपजीविकेचा मार्ग बनला. बारीपाड्याचे डोंगर उघडे पडले, झरे आटले आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी लागू लागली.

संरक्षणाचे कार्य : गावातील चैत्राम पवार यांनी वाणिज्य शाखेतील पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केल्यावर नोकरीऐवजी गावातच काम करण्याचे ठरविले. वनवासी कल्याण आश्रमाच्या साहाय्याने १९९१–९२ च्या सुमारास ग्रामस्थांनी वनरक्षणास प्रारंभ केला. गावाच्या बैठकीत वृक्षतोडीवर बंदी घालून नियम मोडणाऱ्यास दंड ठरविण्यात आला. वनात राखणीची व्यवस्था करण्यात आली. आसपासच्या वस्त्यांतील लोकही याच वनातून लाकूड नेत असल्याने प्रारंभी त्यांच्याशी संघर्षाचे प्रसंग उद्‌भवले. मोहाच्या दारूची भट्टी हे सरपण मोठ्या प्रमाणावर खपण्याचे एक कारण असल्याने दारूबंदीचीही जोड द्यावी लागली.

या कार्याचे वैशिष्ट्य असे, की त्यात नव्या लागवडीपेक्षा नैसर्गिक पुनरुत्पादनावर भर होता. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या सामाजिक वनीकरण विभागाच्या काळात राज्यभर निलगिरी, सुबाभूळ अशा शीघ्र वाढणाऱ्या परकीय वृक्षांची लागवड झाली होती. बारीपाड्यात मात्र तोडलेल्या झाडांचे जमिनीतील बुंधे जिवंत होते. कुऱ्हाड व चराई थांबताच त्यांना फुटवे आले. झाडांच्या सावलीत पालापाचोळा साचून ओल टिकू लागली आणि जमिनीत पडून असलेले बी व कंद उगवू लागले. उतारांवर श्रमदानाने चर व बांध घालून पावसाचे पाणी अडविण्यात आले. कालांतराने विहिरींना पाणी वाढले व भातशेतीला स्थैर्य आले. अशा रीतीने सु. ४०० हेक्टरांहून अधिक वन राखले गेले. या कार्याबद्दल चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री हा किताब जाहीर झाला.

रानभाज्यांची स्पर्धा : वन वाढले तरी त्यातील वनस्पतींची ओळख नाहीशी होण्याचा संभव होता. ती टिकविण्यासाठी २००४ पासून गावात रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरविण्यात येऊ लागली. तीत स्त्रिया रानातील पाने, फुले, कंद व शेंगा यांचे पदार्थ करून मांडतात. कोणता कंद किती वेळा उकळून कडवटपणा काढावा, कोणते पान केवळ कोवळे असतानाच खावे, हे ज्ञान कोठेही लिहिलेले नव्हते. ते प्रामुख्याने वयस्क स्त्रियांपाशी होते. दारिद्र्याचे लक्षण मानल्या गेलेल्या अन्नाला या उपक्रमाने प्रतिष्ठा मिळवून दिली. २०२० पासून राज्याचा कृषी विभागही जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवू लागला.

अन्य प्रयत्न : जिल्ह्याच्या कोरड्या भागात संवर्धनाचे स्वरूप वेगळे आहे. धुळे तालुक्यातील लामकानी येथे ग्रामस्थांनी चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून माळरानावरील देशी गवतांचे पुनरुज्जीवन केले. तेथे गवत हाच मुख्य लाभ असल्याने, कापून नेण्याची मुभा व मोकळ्या चराईस मनाई अशी पद्धत स्वीकारण्यात आली.

कायदेशीर स्थिती व मूल्यमापन : केंद्र शासनाने १९९० मध्ये संयुक्त वनव्यवस्थापनाचे धोरण जाहीर केले, महाराष्ट्राने त्याचा अवलंब १९९२ मध्ये केला. २००२ च्या जैवविविधता अधिनियमाने स्थानिक समित्या व लोकजैवविविधता नोंदवह्या यांची तरतूद केली, तर २००६ च्या वनहक्क अधिनियमाने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा ग्रामसभेचा हक्क मान्य केला. बारीपाड्याची राखण या दोन्ही अधिनियमांच्या आधीची आहे. वनातून मिळणारा लाभ आपल्याकडेच राहील, अशी खात्री वाटल्यानंतरच गावाने स्वतःवर निर्बंध घालून घेतले, हे त्यातून दिसून येते.

तथापि अशा व्यवस्थेपुढे अडचणीही आहेत. शिक्षण व रोजगार यांसाठी तरुण बाहेर पडत असल्याने वनस्पतिज्ञानाची परंपरा खंडित होऊ शकते. रानभाज्यांना शहरी बाजारपेठ मिळाल्यास उत्पन्न वाढते, पण बी धरण्यापूर्वीच खुडणी होण्याचा धोकाही वाढतो. तेऱ्याच्या सणामागील संयम नव्या पिढीला नियमांच्या रूपाने पुन्हा स्वीकारावा लागेल. वन राखणे हे एकदाच करून संपणारे काम नसून प्रत्येक पावसाळ्यात नव्याने पाळावयाचा तो सामूहिक निर्णय आहे.