श्रद्धानंद छात्रालय, अमरावती
वऱ्हाडातील विद्यार्थी वसतिगृह. विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी (१८९८–१९६५) ते १९२७ च्या सुमारास काढले. डिसेंबर १९२६ मध्ये हत्या झालेल्या स्वामी श्रद्धानंदांचे नाव त्याला दिले. शहरात नातलग नसलेल्या कुणब्याच्या पोराला शिक्षणाआधी पथारी टाकायला जागा हवी, ही गरज त्यांनी नेमकी ओळखली. सर्व जातींची मुले एकाच पंगतीला बसत. त्या काळी हे धाडसच होते.

पुढे अकोल्यात कृषी विद्यापीठ (१९६९) व अमरावतीत विद्यापीठ (१९८३) आले, तशी आवारातील वसतिगृहेही झाली. ज्यांना तिथे जागा मिळत नाही, ते भाड्याची खोली आणि खानावळ धरतात. काहींचा भाकरीचा डबा आजही गावाहून एसटीने येतो.