पुन्हा गेली असेल!

बोईसर स्टेशनावरून तारापूरकडे जाणारा रस्ता माझ्या पायांखालचा आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांपासून जिंकून घेतलेला तारापूरचा किल्ला आणि १९६९ साली वीज देऊ लागलेले अणुकेंद्र ही दोन्ही याच टापूतली. इतिहास लिहावयाचा म्हटला तर येथे विषयांना तोटा नाही. परंतु मला त्या रस्त्यावर आठवते ती आमच्या चाळीतली पंधरा वर्षांची एक मुलगी. तिचे नाव मी लिहीत नाही.

बाप कारखान्यात पाळीवर जाई; घरी आला की हात उगारी. दोनदा ती घर सोडून गेली. एकदा विरारच्या फलाटावर सापडली, एकदा सुरतेहून आपण होऊन परतली. १९९१ च्या पावसाळ्यात तिसऱ्यांदा गेली, ती गेलीच. तिची आई आमच्या दारी आली तेव्हा मी इतरांसारखाच म्हणालो, “वहिनी, पुन्हा गेली असेल. येईल चार दिवसांत.” चौकीवरच्या कागदावर शेरा पडला तोही हाच : यापूर्वी दोनदा पळून गेली होती. शोध सुरू होण्याआधीच त्या एका ओळीने तो संपविला.

पुढे मी या ओळीचा माग काढू लागलो. १८६० च्या दंडविधानाने अल्पवयीन मुलीला पालकांच्या ताब्यातून नेणे हा गुन्हा ठरविला. त्या वेळी वयाची मर्यादा सोळा वर्षांची होती. १९४९ साली ती अठरावर नेण्यात आली. मात्र कायद्याचा प्रश्न एकच राहिला : तिला नेले कोणी? मद्रासच्या एका मुलीने अठरा पुरी होण्यास थोडेच आठवडे उरले असता आपण होऊन घर सोडले व एका तरुणाशी लग्न केले. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तरुणास निर्दोष सोडले. मुलगी स्वतः निघाली असेल तर तिला ‘नेले’ असे म्हणता येत नाही. निकाल न्यायाचाच होता. पण जिचा पत्ताच नाही, ती स्वतः निघाली हे सांगावयाचे कोणी?

निठारीच्या आईबापांनाही प्रथम हेच ऐकून घ्यावे लागले की, मुले पळून गेली असतील. २००६ च्या डिसेंबरात नाल्यातून सांगाडे निघाले. अखेर १० मे २०१३ रोजी, ‘बचपन बचाओ आंदोलना’च्या अर्जावर, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवून नेले आहे असे धरूनच गुन्हा नोंदवावा. म्हणजे गृहीतच उलटे झाले.

त्याचे फळ काय, हे अंधेरीच्या डी. एन. नगर ठाण्यातील सहायक फौजदार राजेंद्र भोसले यांच्या कामावरून दिसते. २००८ ते २०१५ या काळात तेथे नोंदलेल्या १६६ हरवलेल्या मुलींपैकी १६५ जणींचा पत्ता लागला. उरलेली एक २०१३ च्या जानेवारीत, सात वर्षांची असताना नाहीशी झाली होती. भोसले २०१५ साली निवृत्त झाले, तरी तिचा फोटो त्यांनी जवळ बाळगला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ती सापडली.

आमच्या भागात मात्र माणूस नाहीसे होणे चटकन डोळ्यांवर येत नाही. जव्हार-मोखाड्याची कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात कोण दिसत नाही याची विचारपूस कोणी करीत नाही. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली, २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. कचेऱ्या जवळ आल्या. मुंबईही जवळ आली.

ती मुलगी दोनदा परत आली, तेव्हा ‘कुठे गेली होतीस’ हे तिला सगळ्यांनी विचारले. ‘का गेली होतीस’ हे मात्र कोणी विचारले नाही, मीही नाही. भिंतीपलीकडचे आवाज मला ऐकू येत होते.

तिची आई आता हयात नाही. शेवटपर्यंत ती संध्याकाळच्या विरार गाडीच्या वेळी दार उघडे ठेवी. मी तिला ‘येईल चार दिवसांत’ असे सांगितले होते. तिने ते खरे मानले होते.