स्वतंत्र शाळा, पण कोणापासून?

मराठी शाळेत शिकला असाल तर वर्गाचा नकाशा अजून डोळ्यांसमोर असेल. एका बाजूला मुलींच्या रांगा, दुसऱ्या बाजूला मुलग्यांच्या, आणि मध्ये जाण्यायेण्याची वाट. हजेरीपटावर आधी मुलगे, मग मुली. एखादा मुलगा फारच मस्ती करायला लागला की बाई किंवा सर त्याला उठवायचे आणि मुलींच्या रांगेत नेऊन बसवायचे. अख्खा वर्ग हसायचा. ती शिक्षा होती.

शाळेच्या कागदपत्रांत याला 'सहशिक्षण' म्हणतात. एका वर्गात, एका फळ्यासमोर बसायचं, पण शेजारी बसणं ही मात्र शिक्षा! हे असं का झालं, याचं उत्तर शोधायला निघालं की १८८०च्या आसपासच्या पुण्यात जावं लागतं. तिथे तेव्हा दोन नव्या कल्पना हवेत होत्या. पहिली, शाळा सरकारच्या ताब्यात नसावी. दुसरी, मुलामुलींनी एकत्र शिकावं. दोन्ही कल्पना बंडखोर होत्या आणि काही वेळा तर एकाच माणसाच्या डोक्यात होत्या. तरीही त्या एका इमारतीत नांदू शकल्या नाहीत.

सरकारची नसलेली शाळा

विष्णुशास्त्री चिपळूणकर रत्नागिरीच्या सरकारी शाळेत शिक्षक होते. 'निबंधमाला' लिहिणाऱ्या या माणसाला सरकारी नोकरी जाचायला लागली होती. त्यांनी राजीनामा दिला, पुण्यात आले आणि जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. बरोबर बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी. लवकरच वामन शिवराम आपटे आले, आणि एम.ए. झालेले गोपाळ गणेश आगरकरही.

त्या काळात एम.ए., एलएल.बी. झालेल्या तरुणाला सरकारात उत्तम पगाराची नोकरी मिळायची. ही मंडळी ती नाकारून आली होती. आगरकरांनी आईला लिहिलेलं पत्र प्रसिद्धच आहे. मुलगा मोठी परीक्षा देतोय, आता पांग फिटतील अशी आशा धरू नकोस, मी पोटापुरत्या पैशांवर समाधान मानून बाकीचा वेळ लोकांसाठी देणार आहे, असा त्याचा आशय. पुढे १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघालं, तेव्हाही आजीव सदस्यांचा पगार महिना ७५ रुपयांच्या घरातच राहिला.

'स्वतंत्र शाळा' म्हटलं की आज महागडी इंटरनॅशनल स्कूल डोळ्यांपुढे येते. तेव्हा स्वतंत्र असणं म्हणजे शिक्षकाला मत असणं. सरकारी शाळेतला मास्तर वर्तमानपत्रात सरकारवर टीका करू शकत नव्हता. न्यू इंग्लिश स्कूलच्या मास्तरांनी मात्र १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' काढले. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आले. आपल्याला गणित शिकवणारे सर तुरुंगातून सुटून पुन्हा वर्गावर येतात, हे पाहणाऱ्या मुलांना या शाळेने काय दिलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

फक्त ती 'मुलं' म्हणजे मुलगे होते.

सात मुलांपासून सुरू झालेली शाळा

याच शहरात, न्यू इंग्लिश स्कूलच्या चार वर्षं आधी, १८७६ मध्ये एका बाईंनी राहत्या घरात शाळा सुरू केली होती. त्यांचं नाव फ्रान्सिना सोराबजी. जन्म दक्षिणेत निलगिरीच्या बाजूला, लहानपणी एका इंग्रज दांपत्याने सांभाळलेल्या. नवरा पारशी घरात जन्मून ख्रिस्ती झालेला धर्मोपदेशक. सात मुलांवर सुरू झालेली ही शाळा पुढे व्हिक्टोरिया हायस्कूल म्हणून ओळखली गेली.

तिथे मुलगे आणि मुली एकत्र शिकत होते. युरोपियन, अँग्लो-इंडियन, पारशी, ज्यू, मुसलमान, हिंदू, सगळ्यांना दार उघडं होतं. जात, धर्म आणि लिंग या तिन्ही भिंती एकदम ओलांडणारी ही शाळा पुण्याच्या शैक्षणिक इतिहासात सहसा एका ओळीत आटोपली जाते. कारण उघड आहे. शाळा इंग्रजी, चालवणारी बाई ख्रिस्ती, पुढे मदत मागायला ती १८८६ मध्ये इंग्लंडला गेलेली. पेठांमधल्या पुण्याला ही शाळा आपली वाटणं अवघडच होतं. फ्रान्सिनाबाईंनी मराठी आणि उर्दू शिकणाऱ्या मुलांसाठीही शाळा काढल्या, पण 'बाहेरच्या' हा शिक्का काही पुसला गेला नाही.

१८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे साक्षी झाल्या. त्या वर्षीचं पुणे डोळ्यांसमोर आणा. महात्मा फुले आयोगाला निवेदन देतात की प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, शेतकऱ्याच्या पैशावर फक्त वरच्या वर्गाची मुलं शिकवू नका. नुकत्याच पुण्यात आलेल्या पंडिता रमाबाई सांगतात की मुलींसाठी शिक्षिका आणि बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात. फ्रान्सिना सोराबजी साक्ष देतात. खुद्द हंटरसाहेब न्यू इंग्लिश स्कूल पाहून तिची वाखाणणी करतात. शाळा कोणाची, कोणासाठी, कोणाच्या पैशावर, हे सगळे प्रश्न एका शहरात, एका वर्षात टेबलावर आले होते.

अकरा ते पाच

दोन वर्षांनी, सप्टेंबर १८८४ मध्ये, न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर आदी मंडळींच्या पुढाकाराने मुलींचं हायस्कूल निघालं. हीच हुजूरपागा. शाळा फक्त मुलींची होती, म्हणजे एकत्र बसण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही वाद पेटला.

वाद अभ्यासक्रमाचा होता आणि घड्याळाचाही. मुलींना इंग्रजी आणि शास्त्रविषय कशाला, हा एक आक्षेप. दुसरा आक्षेप अकरा ते पाच या वेळेवर. १८८७ मध्ये 'मराठा'तून टिळकांच्या बाजूने मांडणी झाली ती अशी, की शाळा सकाळी किंवा संध्याकाळी तीनेक तास भरावी, म्हणजे मुलींना घरकामही शिकता येईल.

आज हे वाचून हसू येईल, पण टिळकांना नेमकं काय घडतंय ते बरोबर कळलं होतं. मुलगी तीन तास शाळेत गेली तर घर तसंच चालू राहतं. अकरा ते पाच गेली तर दुपारचं दळण, धुणं, धाकट्या भावंडाला सांभाळणं, हे सगळं दुसऱ्या कोणाला तरी करावं लागतं. शाळा मुलीला पुस्तक देते, त्याहून आधी ती तिला स्वतःचे सहा तास देते. विरोध त्या सहा तासांना होता.

उघडं दार आणि आपटलेलं दार

१८८३ मध्ये मुंबई विद्यापीठाने स्त्रियांना प्रवेश दिला. फ्रान्सिनाबाईंची मुलगी कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेली. कॉलेज सरकारी होतं. सगळ्या मुलग्यांमध्ये ती एकटी. व्याख्यानाला जाऊ नये म्हणून मुलगे तिच्या तोंडावर दार आपटायचे, असं तिने पुढे आठवणींमध्ये लिहिलं आहे. कॉर्नेलिया बी.ए.ला अव्वल आली, मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर ठरली. त्या निकालावर इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. तिला ती नाकारली गेली, कारण ती मुलगी होती. मग तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलग्यांनाच शिकवलं आणि इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी जमवलेल्या पैशांवर १८८९ मध्ये ऑक्सफर्ड गाठलं. तिथे १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडली तीस वर्षांनी.

यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. एक मुलगी आणि वर्गभर मुलगे, याला सहशिक्षण म्हणत नाहीत. प्रवेश नियमाने देता येतो. सोबत बसण्याची सवय मात्र लहानपणी लागावी लागते. दार आपटणारे ते मुलगे कुठल्या हायस्कुलांतून आले असतील? मुलगी वर्गात असते हे ज्यांनी कधी पाहिलंच नाही, अशा शाळांतून.

आगरकरांची अडचण

हे ज्याला अचूक दिसलं होतं तो माणूस न्यू इंग्लिश स्कूलमध्येच होता. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. त्यांनी उघड लिहिलं की स्त्रियांना आणि पुरुषांना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं. 'एकच' आणि 'एकत्र', दोन्ही शब्द तितकेच जड आहेत. एकच, म्हणजे मुलींसाठी पातळ केलेला अभ्यासक्रम नको. एकत्र, म्हणजे पुढे ज्यांनी संसार आणि समाज मिळून चालवायचा त्यांची ओळख आधी माणूस म्हणून होऊ दे.

पुण्याने याची किंमत वसूल केली. आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. आणि ज्या संस्थेसाठी त्यांनी आयुष्य दिलं, त्या संस्थेचं न्यू इंग्लिश स्कूल मुलग्यांचंच राहिलं. १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले, १८९२ मध्ये आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये, चाळिशीही गाठायच्या आत, गेले.

संस्थापकांपैकी एक, मत इतकं स्पष्ट, शाळा सरकारपासून स्वतंत्र. मग अडलं कुठे? मला वाटतं, त्या स्वातंत्र्यातच अडलं. सरकारच्या पैशावर न चालणारी शाळा पालकांच्या फीवर आणि देणगीदारांच्या थैलीवर चालते. साहेबाला न घाबरणारा मास्तर वाड्यातल्या यजमानाला घाबरला नाही तरी वर्ग रिकामा होतो. कलेक्टरपासून मिळवलेलं स्वातंत्र्य गल्लीकडे गहाण पडलं. उलट डेक्कन कॉलेज सरकारी, म्हणून तिथे निदान नियमाने एका मुलीला आत घेता आलं; पेठांची परवानगी लागली नाही.

पैसे देणारा कोण?

हा केवळ पुण्याचा दोष नव्हता. इंग्लंडमध्ये जॉन बॅडली यांनी १८९३ मध्ये ससेक्समध्ये बीडेल्स ही निवासी शाळा काढली, तीही मुलग्यांचीच. १८९८ मध्ये तिथे मुली आल्या. बॅडली यांची पत्नी एमी स्त्रियांच्या मताधिकाराची खंदी पुरस्कर्ती होती. १९०० मध्ये शाळा हॅम्पशायरमधल्या स्टीप गावी गेली. पुस्तकांबरोबर शेतात काम, हातांनी वस्तू घडवणं, संगीत, नाटक, आणि हे सगळं मुलामुलींनी मिळून करायचं. इंग्लंडच्या जुन्या निवासी शाळांमध्ये हे अघटित होतं.

तारखा लावून पाहा. बीडेल्समध्ये मुली आल्या तेव्हा आगरकर जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि फ्रान्सिनाबाईंच्या घरच्या शाळेला बावीस. पुणे विचारात मागे नव्हतंच. फरक इतकाच की बॅडली यांना असे पालक मिळाले ज्यांना हेच हवं होतं आणि ज्यांना ते परवडत होतं. म्हणून ती शाळा झाली, आणि म्हणूनच ती थोड्यांचीच राहिली. स्वतंत्र शाळेला पैसे पुरवणारा जेवढा मोकळा, तेवढीच ती मोकळी.

महाराष्ट्राने मधला रस्ता धरला. मुलींच्या वेगळ्या शाळा, धोंडो केशव कर्व्यांचं हिंगण्याचं काम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. आगरकरांच्या 'एकच आणि एकत्र'च्या कसोटीवर ही तडजोड होती. पण या तडजोडीने मुली घराबाहेर आणल्या, आणि ते लहान काम नव्हतं. इरावती कर्वे लहानपणी हुजूरपागेत शिकल्या, मग फर्ग्युसनला गेल्या. १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलेल्या डेक्कन कॉलेजात त्या शिकवू लागल्या. जिथे कॉर्नेलियाच्या तोंडावर दार आपटलं गेलं होतं, त्याच नावाच्या संस्थेत.

म्हणून मुलामुलींच्या शाळेने काय द्यावं, याचं उत्तर प्रवेशाच्या फॉर्मवर मिळत नाही. ते वर्गात बसल्यावर कळतं. पूर्ण दिवस, पूर्ण अभ्यासक्रम, आणि शेजारच्या बाकावरच्या माणसाची भीती न वाटण्याची सवय. पहिल्या दोन गोष्टी आपल्याला भांडून मिळाल्या. तिसरीसाठी कायदा लागत नाही, देणगी लागत नाही, इमारतही लागत नाही. फक्त मस्तीखोर मुलाला उठवून मुलींच्या रांगेत बसवणं, ही शिक्षा आहे असं कोणी शिकवायचं नाही, एवढंच लागतं.