खरखरींतला सूर्य

रेडिओ ऐकणाऱ्यास खरखरीइतका नकोसा पाहुणा दुसरा नाहीं. गायन रंगांत यावें, आणि दूर कोठें वीज चमकावी किंवा आगगाडीच्या माथ्यावरील विजेच्या तारेशीं ठिणगी उडावी, कीं रसभंग झालाच! १९३० सालापर्यंत विजेच्या गाड्या कल्याणपावेतों धांवूं लागल्या. तेव्हां ठाणें-कल्याणच्या श्रोत्यांना हा अनुभव नवा नव्हता. ही खरखर गाळून टाकणें हा रेडिओच्या कारागिरांचा नित्याचा उद्योग. परंतु टाकण्यापूर्वीं ती येते कोठून, हें ज्यांनीं विचारलें त्यांच्या हातीं एक नवी विद्या लागली.

अमेरिकेंतील कार्ल जान्स्की या एंजिनियराकडे रेडिओ-टेलिफोनच्या संभाषणांत शिरणाऱ्या खरखरीचें मूळ शोधण्याचें काम होतें. त्यानें तिचे तीन प्रकार केले: जवळच्या वादळांची, दूरच्या वादळांची आणि एक मंद, अखंड फुसफुस. ही तिसरी रोज सुमारें चार मिनिटें आधीं येई. म्हणजे ती सूर्याचें नव्हे, ताऱ्यांचें घड्याळ पाळीत होती. १९३३ सालीं त्यानें जाहीर केलें कीं, ती आकाशगंगेकडून येते. पुढें १९४२ सालीं इंग्लंडांतील रडार यंत्रें एकाएकीं गोंगाटानें भरून गेलीं. शत्रूचें कपट असावें अशी शंका आली, पण जे. एस. हे या शास्त्रज्ञानें गुन्हेगार दाखविला तो प्रत्यक्ष सूर्य!

याच सूर्याचा गोंगाट ऐकण्यासाठीं १९६५ सालीं कल्याणास एक रेडिओ-दुर्बीण उभी राहिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील गोविंद स्वरूप हे तिचे प्रवर्तक. सिडनीजवळ पॉट्स हिल येथें ज्या तबकड्यांवर त्यांनीं तरुणपणीं काम केलें होतें, त्याच ऑस्ट्रेलियानें भारतास भेट दिल्या. प्रत्येकीचा व्यास अवघा सहा फूट. अशा ३२ तबकड्यांपैकीं २४ पूर्व-पश्चिम ६३० मीटरांच्या ओळींत आणि ८ दक्षिणोत्तर २५६ मीटरांच्या ओळींत मांडल्या.

सुमारें ४९ सेंटिमीटर लांबीच्या लहरी घेणारी एकटी तबकडी सूर्याचा एक भाग दुसऱ्यापासून निराळा ओळखूं शकत नाहीं. त्या साऱ्या मिळून मात्र सूर्यबिंबाच्या सुमारें दशांशाइतका भाग वेगळा काढतात. शिवाय प्रत्येक यंत्राची स्वतःची खरखर निराळी असते, आणि सूर्याची लहर सर्वांकडे ठरीव क्रमानें येते. तो क्रम जुळवून सर्वांचें मिळविलें कीं सूर्याचा स्वर बळावतो. यंत्रांची खरखर, आपसांत मेळ नसल्यामुळें, मागें पडते. गाळण्याची ही युक्ति मेळ्यांतील समूहगानासारखी आहे. या निरीक्षणांत सूर्यबिंबाच्या कडा अधिक तेजस्वी आढळल्या आणि प्रभामंडलाचें तपमान सुमारें दहा लक्ष अंश भरलें.

येथें मिळालेल्या अनुभवावर १९७० सालीं उटीची प्रचंड दुर्बीण झाली, आणि पुढें नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. खोडदची जागा निवडतांना तेथें मनुष्यनिर्मित गोंगाट कमी आहे, हें पाहिलें होतें. आज तेथेंही विजेच्या तारा आणि मोबाइल फोन यांचा उपद्रव संगणकाकरवीं गाळावा लागतो. एकेकाळीं गाण्यांत शिरणारी आकाशाची कुजबुज नकोशी होती. आतां त्या कुजबुजींत शिरणारा मनुष्याचा आवाज नकोसा झाला आहे. गाळणी कोणतीही असो, काय राखावयाचें हें आधीं ठरवावें लागतें.